त्रेचाळीस नंबरची शेकोटी

१

कानातले डूल चोरीला जातात. सायकल चोरीला जाते. एकदा माझ्या दोरीवरून धुतलेली चादर गेली होती, आणि ती कुणाच्या पलंगावर आहे हे मला आजही माहीत आहे. पण शेकोटी चोरीला गेली हे मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

शेकोटी म्हणजे तिच्याभोवतीची पांढऱ्या संगमरवराची चौकट. दोन पाय, वर आडवा पट्टा, त्याच्यावर घड्याळ ठेवायची फळी. उंची माणसाच्या छातीइतकी. शंभरावर वर्षं ती शेजारच्या त्रेचाळीस नंबरच्या पुढच्या खोलीत भिंतीला चिकटून होती. गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता तिथे नुसत्या उघड्या विटा होत्या. आणि शनिवारी सकाळी अकराला, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, भर रस्त्यात त्या घराचा लिलाव होता.

मी नुंझिया विरगोना, एक्केचाळीस नंबर. लिपारी बेटावर तिसरीपर्यंत शिकले, तेवढं मला पुरलं. बोटीने इथे आले, आणि शहराच्या कार्ल्टन भागातल्या ह्या रांगेत पंचावन्न वर्षं राहते. इथली घरं एकाला एक चिकटलेली, दोन घरांत भिंत एकच. एकाने खोकावं आणि शेजाऱ्याने औषध घ्यावं अशी.

त्रेचाळीसचा मालक लॉकलन प्रायर. जुनं घर घ्यायचं, आठ महिने ठोकाठोक करायची, पांढरा रंग फासायचा आणि विकायचं हा त्याचा धंदा. दातही त्याचे इतके पांढरे, की उरलेला रंग तिथे लावला असावा. त्या घराचा गिलावा केला माझ्या धाकट्या भावाने, बार्तोलोने. छतावरची फुलंपानं जुन्यासारखी घडवणारा ह्या भागात तो एकच उरलाय. बायको गेली, मूलबाळ नाही, काम हाच त्याचा संसार. त्याच्या स्वयंपाकघरात खिळ्यांवर तीसेक घरांच्या किल्ल्या लटकतात. लोक सुट्टीवर जातात आणि बार्तोलोच्या हाती घर सोपवून जातात.

त्या दिवशी आमचा टोमॅटोचा दिवस होता, म्हणजे वर्षभराचा रस शिजवून बाटल्यांत भरायचा दिवस. एरवी तो शनिवारी असतो, पण लिलावाच्या दिवशी वास नको म्हणून घर विकून देणारी दलाल बाई माझ्याकडे फुलं घेऊन आली होती, म्हणून मी तो गुरुवारवर आणला. सकाळी सहापासून मागच्या बोळात टेबलांना टेबलं लावलेली, दोन पिंपं उकळतायत, आणि आम्ही बाराजण कोपरापर्यंत लाल. बोळ इतका अरुंद, की मांजराला जायचं तरी आम्हाला विचारून जावं लागत होतं.

साडेबाराला लॉकलन मागच्या दारातून बाहेर आला आणि बार्तोलोकडे बोट करून उभा राहिला. दार फोडलेलं नाही, किल्लीने उघडलंय, असं त्याचं म्हणणं. किल्ल्या तीनच. एक त्याची, एक विकणाऱ्या बाईची, एक बार्तोलोची. अर्ध्या तासात पोलीस आले. कॉन्स्टेबल म्हणजे माझ्या नातीच्या वयाची मुलगी. मी तिला सांगितलं, की सकाळपासून ह्या बोळातून चौकट काय, चमचा गेलेला नाही, बारा माणसं साक्षीला आहेत.

ती लिहिता लिहिता थांबली. "बाराही तुमच्या घरचीच ना?"

म्हणजे आम्ही ज्याने सुटायचं, त्यानेच अडकलो. सगळी नात्यातली, बोळाच्या तोंडाशी बार्तोलोची व्हॅन, आणि आम्ही भिंतीसारखे उभे. सोमवारी बार्तोलोने ठाण्यावर यायचं, तोवर कुठे जायचं नाही, असं ठरलं. जाता जाता तिने विचारलं, की तो सकाळभर इथेच होता का.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला. दहा ते साडेदहा तो बाटल्यांची झाकणं आणायला गेला होता.

मी पिंपातला रस ढवळायला लागले. गेला होता हे खरं. झाकणं मात्र आली नव्हती.

२

दोन वाजता घर बघायला लोक येणार होते, आणि चोरी झाली म्हणून विकणारे थांबत नाहीत. मी एप्रन सोडला आणि रांगेत उभी राहिले. शेजाऱ्यांनी शेजारचं घर बघायला जावंच, नाहीतर आपल्या घराला नावं कशी ठेवणार?

दारात फेलिसिटी ओक्स उभी, विकणारी तीच. केस असे ताठ, की वाराही परवानगी मागेल. नेहमी पायरीवर येऊन माझे हात हातात घेते, त्या दिवशी मान फोनमध्येच होती. तिने नव्या खोक्याची फीत कापली आणि मला गुळगुळीत पुस्तिका दिली. शाईचा वास अजून गेला नव्हता. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. चित्रं येतात. मागच्या आठवड्याच्या पुस्तिकेवर ती शेकोटी होती, कारण ती मी तेलाच्या डब्याखाली घातली आहे. ह्या पुस्तिकेवर स्वयंपाकघर होतं.

पुढच्या खोलीत लोक भगदाडापुढे सुतकात आल्यासारखे उभे होते. एक तरुण जोडपं होतं. बायकोचे दिवस भरत आलेले, एक हात कमरेवर. ती नवऱ्याला म्हणत होती की पाळणा इथे ठेवू, ह्या भिंतीशी. मी ती भिंत बघितली. पांढरीशुभ्र. भगदाडाच्या आत लोखंडी जाळी तशीच होती, तिच्या दोन्ही बाजूंना निळ्या फुलांच्या फरश्या तशाच. चोराने जड ते नेलं होतं आणि हलकं ठेवलं होतं. मी फेलिसिटीला विचारलं, बाजारात ह्या जाळीला आणि फरशांना काय किंमत. तिने फोनमधूनच सांगितलं, की चौकटीपेक्षा जास्तच येईल.

"मग चोर गाढव होता का?"

"मिसेस विरगोना, ते पोलीस बघतील," ती म्हणाली आणि दुसऱ्या कुणाकडे तरी हसली.

मी मागच्या चौकात गेले. तिथे पांढरे गोटे पसरलेले, कुंडीत एक लिंबाचं झाड, आणि गोट्यांत पाय टाकायला चार दगड, दोन लांब, दोन आखूड. खडबडीत, चुन्याचे डाग पडलेले. एकावर पाय ठेवला तर हलला. माझ्या नवऱ्याने असे दगड लावले असते तर मी त्याला त्याच दगडांवर झोपवलं असतं.

लॉकलन कुंपणाशी होता. मला बघून दात दाखवले. "मिसेस व्ही, वाईट वाटलं हो. माणसाला ओळखतो असं वाटतं आणि बघा."

मी म्हटलं, मी माझ्या भावाला सहासष्ट वर्षं ओळखते, तुम्हाला आठ महिने.

तो वाकला आणि आवाज खाली आणून बोलला. "मग त्याला विचारा, सकाळी ह्या घरात काय करत होता. कपड्यांवर पांढरं काय आहे तेही विचारा."

३

मी बार्तोलोला विचारलं नाही. आधी दुसरीकडे विचारायचं ठरवलं. कारण सांगते. मला उत्तराची भीती वाटली.

पंचेचाळीस नंबरात डेस्मंड हेग राहतो. विद्यापीठात इतिहास शिकवायचा, आता शेजाऱ्यांना शिकवतो. लॉकलनने जुन्या दाराला हात लावला की डेस्मंड नगरपालिकेला पत्र लिहायचा. आठ महिन्यांत सात पत्रं. जुनी घरं पाडली की त्यांची दारं, खिडक्या, नळ तो घरी आणून ठेवतो. त्याच्या अंगणात चालायचं म्हणजे भंगाराच्या दुकानात पाहुणे जाण्यासारखं.

तो चहा करायला आत गेला तेव्हा मी अंगणातली ताडपत्री उचलली. खाली संगमरवराची चौकट होती. पांढरी.

मी ताडपत्री पूर्ण बाजूला केली. मग मी खाली बसून नीट बघितली. फळीचा कोपरा फुटलेला, आणि आत कोळ्यांनी जाळी विणून, पिल्लं घालून, सोडून दिलेली. एका दिवसात कोळी इतका संसार करत नाही.

"पंधरा वर्षं इथेच आहे ती," मागून डेस्मंड म्हणाला. तो चहाचे कप घेऊन दारात उभा होता. "ती पोलीस मुलगीही असंच बघून गेली. नुंझिया बाई, तुम्हीसुद्धा?"

मी म्हटलं, माझा भाऊ सोमवारी ठाण्यावर जाणार आहे, तेव्हा मी पोपचीही ताडपत्री उचलेन. तेव्हा तो खुर्चीत बसला.

गुडघ्याच्या दुखण्यामुळे तो सकाळभर पुढच्या खिडकीत असतो. अकराला लॉकलन हत्यारांची पिशवी घेऊन आत गेला आणि सव्वाबाराला त्याच पिशवीसह बाहेर आला. पंधरा मिनिटांनी फेलिसिटीला घेऊन परत आला आणि चोरी झाली म्हणून ओरडला. हे त्याने कॉन्स्टेबलला सांगितलं होतं. तिने सात पत्रांबद्दल विचारलं आणि वही मिटली.

"पिशवीत चौकट मावेल?"

"पिशवीत तिची फळीसुद्धा मावणार नाही. पुढच्या दाराने कुणीही काही मोठं नेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन."

मागून गेली नाही हे मला माहीत. पुढून गेली नाही हे त्याला माहीत. दोघांचंही कुणी ऐकत नव्हतं, पण आमच्या दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आली होती. ती चौकट घराबाहेर गेलीच नव्हती.

मी उठले, तर त्याने माझी बाही धरली. आणखी एक गोष्ट त्याने पोलिसांना सांगितली नव्हती, मला सांगायची की नाही हे त्याला कळत नव्हतं. दहा वाजताही एकजण किल्लीने दार उघडून आत गेला होता. हातात पत्र्याचा डबा. साडेदहाला बाहेर आला.

मी नाव विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

४

शुक्रवारी सकाळी दोन घरच्या बायका बार्तोलोकडे येऊन गेल्या. दोघी गोड बोलल्या, दोघींनी आपापली किल्ली परत मागितली. दुपारी तो माझ्याकडे जेवायला आला तेव्हा घास नुसता फिरवत होता. कालची पॅन्ट तीच होती आणि गुडघ्यांवर पांढरी भुकटी.

मी दारू आणायला तळघरात उतरले. ते माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने खणलं. हिवाळ्यात आम्ही डुकराची सॉसेजं करतो, ती तिथे टांगून वाळवतो. पंचावन्न वर्षं त्यांच्यावर पांढरी बुरशी यायची, पिठासारखी, तशीच हवी. ह्या वर्षी काळी आली. मी खाटकाला शिव्या घातल्या, मुलीला घातल्या, मिठालाही घातल्या.

खाली उभी होते, तर सहज हात सामाईक भिंतीला टेकला. तळवा ओला झाला. जुन्या कारागिरांनी त्या भिंतीत जमिनीखाली चार झरोके ठेवले होते, दोन्ही घरांना खालून वारा मिळावा म्हणून. दिवा वर धरला. चारही झरोके पलीकडून सिमेंटने बुजवलेले.

खाटकाची मनात माफी मागितली आणि वर आले.

बाटली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "झाकणं कुठे आहेत रे, बार्तो?"

त्याने बाटली बाजूला सरकवली. मग बोलला ते टेबलाशीच. जुनी वीट जमिनीतून पाणी ओढते. वरून चुन्याचा गिलावा असला की ते पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि भिंत कोरडी राहते. लॉकलनला घाई होती. त्याच्या माणसांनी घरभर सिमेंटची जमीन ओतली, झरोके बुजवले, आणि बार्तोलोला सांगितलं की सिमेंटचाच गिलावा घाल, वर पाणी न झिरपणारा रंग लावू. बार्तोलो नको म्हणाला. मग दुसऱ्याला बोलावतो म्हटल्यावर त्याने घातला.

"ओल कोंडली, ताई. भिंतीतून वाट मिळेना, तेव्हा दगडात शिरली. संगमरवर पाणी पितो. चौकटीचे पाय खालून पिवळे पडायला लागले. भिंत रंगवता येते. दगड काय रंगवणार?"

मंगळवारी त्याने लॉकलनला ते दाखवलं. तो म्हणाला, शनिवारपर्यंत तोंड बंद ठेव. गुरुवारी बार्तोलोला राहवेना, म्हणून खडूचा लेप डब्यात कालवून गेला. लेप लावला की दगडातला डाग बाहेर येतो म्हणतात. अर्धा तास गुडघ्यांवर बसला. डाग हलला नाही. तो निघाला तेव्हा चौकट जागेवर होती.

"मग हे त्या मुलीला का नाही सांगितलंस?"

"गिलावा माझ्या हातचा आहे."

"तुला चोर म्हणतायत."

"म्हणू दे. चोर म्हटलं तर खोटं आहे, मला माहीत आहे. ते दुसरं खरं आहे." त्याने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "पन्नास वर्षं लोकांनी माझ्या हाती भिंती दिल्या. शपथ घे. गिलाव्याचं कुणाला बोलणार नाहीस. आईची शपथ."

मी त्याला मूर्ख म्हटलं, खेचर म्हटलं, बापावर गेलास म्हटलं. तो हलला नाही.

मी शपथ घेतली.

५

आता बघा माझी गत. कोण, का, सगळं मला कळलेलं, आणि तोंडाला कुलूप मीच लावून घेतलेलं. शिवाय वस्तू सापडल्याशिवाय कोण ऐकणार? लॉकलन हसून म्हणाला असता, की भावासाठी म्हातारी गोष्टी रचते.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी मुलीला, सरीनाला, दोन्ही पुस्तिका घेऊन बसवलं. एक तेलाच्या डब्याखालची, एक गुरुवारची. शेवटच्या पानावर बारीक अक्षरं असतात ती वाचायला सांगितली. तिने दोनदा वाचून दाखवली. नवी पुस्तिका छापायला दिली ती तारीख बुधवारची.

"आई, चोरी गुरुवारी झाली ना?"

"चोरी जाणार हे कुणाला तरी आदल्या दिवशीच माहीत होतं," मी म्हटलं. "तुझ्या मामाची अजून छपाईवाल्यांशी ओळख नाही."

मग मी चित्रं बघायला लागले. पुढची खोली, जिना, न्हाणीघर. घरात शोधायची तर कुठे शोधणार? पोलिसांनी कपाटं बघितली होती, माळा बघितला होता. सरीना म्हणाली, तळाखाली टाकली असेल. मी म्हटलं, जमीन सिमेंटची, खाली जायला वाट नाही. चार तुकडे, त्यांत दोन पुरुषभर लांब. ते पलंगाखालीसुद्धा मावत नाहीत, आणि पलंगाखाली बघायला आलेली प्रत्येक बाई वाकते.

पान उलटलं. मागचा चौक. पांढरे गोटे, लिंबाचं झाड. जुन्या पुस्तिकेत तोच फोटो, तेच झाड.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सरीना, ह्या चित्रात पाय टाकायला दगड दिसतायत का?"

ती वाकली. एकही नव्हता.

६

अकराला रस्ता भरला. लिलावाला निम्मे लोक घेणारे असतात आणि निम्मे शेजारी, पाव घेऊन, कॉफी घेऊन, जत्रेला आल्यासारखे. डेस्मंड खुर्ची टाकून फूटपाथवर. ते तरुण जोडपं अगदी पुढे. बायको आता दोन्ही हात पोटाखाली धरून उभी. लॉकलन दाराच्या खांबाला टेकलेला. कॉन्स्टेबलला मी सकाळी फोन करवला होता, ती झाडाखाली होती. बार्तोलो येणार नाही म्हणाला होता. पण तो माझ्या फाटकाआड उभा होता.

फेलिसिटी पायरीवर चढली. घराचं कौतुक केलं, नियम वाचले, आणि शेवटी ते म्हणाली जे दर वेळी म्हणतात. बोली सुरू करण्याआधी घराबद्दल कुणाला काही विचारायचंय का? हे विचारावंच लागतं, आणि विचारलं की उत्तरही द्यावं लागतं, सगळ्यांसमोर. पंचावन्न वर्षांत ह्या रस्त्यावर कुणी काही विचारलेलं मी बघितलं नाही.

मी हात वर केला.

"ही पुस्तिका छापायला कधी दिली, बाई?"

तिच्या मानेवर लाल डाग उठले. लॉकलन तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. "बुधवारी," ती म्हणाली. "बुधवारी संध्याकाळी."

"शेकोटीचं चित्र काढायला कुणी सांगितलं?"

"मालकांनी."

"आणि शेकोटी चोरीला गेली गुरुवारी."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. लॉकलन हसत पुढे आला. म्हणाला, स्वयंपाकघर जास्त विकतं, म्हणून मी चित्र बदललं, त्यात काय मोठं. मिसेस व्हींचा भाऊ अडचणीत आहे, आपण समजू शकतो.

"समजताय तर आणखी एक समजून सांगा," मी म्हटलं. "मागच्या चौकात चार दगड आहेत. चित्रात नाहीत. दोन लांब, दोन आखूड. ते उलटे करून दाखवाल का?"

त्याचं हसू जिथल्या तिथे राहिलं, पण पाठीमागे माणूस नव्हता. कॉन्स्टेबल झाडाखालून निघाली होती. तिच्या मागून आम्ही सगळे, त्या पांढऱ्याशुभ्र पुढच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, चौकात. तिने आणि त्या तरुण नवऱ्याने मिळून पहिला लांब दगड उचलला. खालची बाजू गुळगुळीत, कडेला द्राक्षांचा वेल कोरलेला. दुसरा पट्टा. मग पाय. दोन्ही पाय खालून वीतभर पिवळे, चहात बुडवलेल्या पावासारखे.

गुरुवारपासून सगळी वस्ती त्यांच्यावर चपला घासत होती.

पण लॉकलन कच्चा नव्हता. तो कॉन्स्टेबलला म्हणाला, बघा, चोराने इथे लपवून ठेवली, बोळ मोकळा झाला की नेणार होता. किल्ली त्याच्याकडेच होती. "मी माझी स्वतःची शेकोटी का लपवीन? मला काय फायदा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर माझ्या जिभेवर होतं. त्या पिवळ्या पायांकडे बोट दाखवायचं आणि भिंतीचं नाव घ्यायचं, बस. पण मी आईची शपथ घेतली होती. ज्या नुंझियाला उभ्या जन्मात कुणी गप्प केलं नाही, ती तोंड मिटून उभी राहिली. कॉन्स्टेबलने वही काढली.

"फायदा मी सांगतो."

बार्तोलो मागच्या दारात होता. तो आत आला आणि माझ्याजवळून जाताना थांबला नाही. त्याने एक पाय उचलून सगळ्यांना दाखवला.

"हे पाणी आहे. भिंतीतलं. त्याने झरोके बुजवले. आणि वरून सिमेंटचा गिलावा घातला, म्हणून ते कोंडलं. मी मंगळवारी त्याला सांगितलं. दगड बोलायला लागला म्हणून त्याने दगड लपवला, आणि मी बोलेन म्हणून मला चोर केलं." त्याने पाय खाली ठेवला, जपून, जणू कुणाचा तरी आहे. "गिलावा मी घातलाय. चुकीचा आहे हे मला माहीत होतं, तरी घातला. दोन हिवाळ्यांत पुढच्या खोलीतल्या भिंतीची खपली निघेल. तिथे पाळणा ठेवू नका."

शेवटचं तो त्या पोटुशीला बघून बोलला. तिने नवऱ्याचा हात धरला.

लॉकलन काही म्हणत होता. वकील, बदनामी, असलं काही. कॉन्स्टेबल त्याला बाजूला घेऊन गेली आणि ह्या वेळी ती लिहीत होती. फेलिसिटीने पुढच्या दारात जाऊन लोकांना सांगितलं की आज बोली होणार नाही. मग ती माझ्याकडे आली, हात हातात घ्यायला. मी तिला माझे हात दिले नाहीत.

लोक पांगले. बार्तोलो चौकातच उभा होता. मी त्याचं नाव धुवायला दोन दिवस पायपीट केली, आणि धुतल्या धुतल्या त्याने स्वतःच त्याच्यावर चिखल लावला, तोही भर वस्तीत. मला इतका राग आला होता, की जवळ जाऊन त्याच्या गुडघ्यांवरची पांढरी भुकटी झटकायला लागले. जरा जोरातच.

"पुरे, ताई," तो म्हणाला.

तेवढ्यात ते जोडपं परत आलं. नवरा घुटमळला, तेव्हा बायकोच पुढे झाली. त्यांना पुढच्या आठवड्यात आणखी दोन घरं बघायची होती, एक फिट्झरॉयमध्ये, एक पुढच्याच गल्लीत. दोन्ही जुनी, दोन्ही नव्याने रंगवलेली.

"तुम्ही आमच्याबरोबर याल का?" तिने बार्तोलोला विचारलं. "नुसते भिंतीला हात लावून सांगा."

त्याने माझ्याकडे बघितलं, लहानपणी बोटीवर चढताना बघायचा तसं.

"जा," मी म्हटलं. "पण ही पॅन्ट घालून नाही."